खिडक्या बांधताना : एक्स विंडो सिस्टिमचं एक वाचन

तुम्ही हा लेख ज्या स्क्रीनवर वाचताय, तिच्यावर या क्षणी दोन-तीन प्रोग्रॅम मिळून चित्र काढतायत. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी एकाची, मधला मजकूर ब्राउझरचा, खालची बटणं बहुधा पुन्हा पहिल्याचीच. कीबोर्ड वर आला तर तो आणखी एक. प्रत्येकाने आपापला तुकडा रंगवून द्यायचा. ते तुकडे एकावर एक रचून काचेवर पाठवायचं काम अँड्रॉइडमध्ये सर्फेसफ्लिंगर नावाचा प्रोग्रॅम करतो. हे नाव बहुतेकांच्या कानावर आलेलं नसतं, यायची गरजही पडत नाही. कोणाची खिडकी वर, कोणाची खाली, कोणाला दुसऱ्याचं काय दिसणार, सगळं आधीच ठरलेलं असतं. फक्त ते आपण ठरवलेलं नसतं.

युनिक्स आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये, म्हणजे लिनक्स, ओपनबीएसडी, नेटबीएसडी वगैरेंमध्ये, हे काम कित्येक वर्षं एका सुट्या प्रोग्रॅमसंचाने केलं. त्याचं नाव एक्स विंडो सिस्टिम. घरगुती नाव नुसतं ‘एक्स’. जन्म १९८४, एमआयटीमध्ये. स्टॅनफर्डहून आलेल्या ‘डब्ल्यू’ नावाच्या विंडो सिस्टिमवरून ते बेतलं, म्हणून मुळाक्षरांतलं पुढचं अक्षर. १९८७ साली त्याची अकरावी आवृत्ती आली आणि आज चालतं ते एक्सही अकरावंच आहे. बारावी कधी निघालीच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमपासून वेगळं असल्यामुळे त्याचा सोर्स कोड उतरवून, कंपाइल करून, आपल्या मशीनवर आपण ते स्वतः बांधू शकतो. साध्या लॅपटॉपवर एका दुपारचं काम आहे.

सॉफ्टवेअरची समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यूट्यूबवरचा ‘रिव्ह्यू’ येतो : वेग किती, दिसतं कसं, घ्यावं की नाही. पण पुस्तकाची समीक्षा करताना आपण आणखी एक प्रश्न विचारतो. लेखकाने सुरुवातीला जो शब्द दिला, तो पाळला का? एक्सला हा प्रश्न विचारता येतो, कारण त्याच्या कर्त्यांनी आपला शब्द छापून ठेवला आहे. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८६ साली एक्सवर निबंध लिहिला. त्यातली भूमिका थोडक्यात अशी, की आम्ही यंत्रणा देऊ, धोरण देणार नाही. स्क्रीनवर रेघ मारणं, आयत रंगवणं, माउस कुठे आहे आणि कुठली कळ दाबली गेली हे कळवणं, एवढं आमचं काम. बटण कसं दिसावं, खिडकीला शीर्षकपट्टी असावी का, क्लिक केल्यावर खिडकी वर यावी का, हे ठरवणारे आम्ही कोण? ते तुम्ही ठरवा.

ऐकायला फार गोड वाटतं. बांधायला बसलं की यातलं किती खरं आहे ते कळायला लागतं.

बांधायचे दोन रस्ते मला माहीत आहेत. पहिला ओपनबीएसडीचा. त्यांनी एक्सच्या सगळ्या पॅकेजांना आपल्या पद्धतीचं वेष्टन घालून ‘झेनोकारा’ नावाचा एकच सोर्सवृक्ष केला आहे. त्यात शिरायचं आणि तीन आज्ञा द्यायच्या : मेक बूटस्ट्रॅप, मेक ऑब्ज, मेक बिल्ड. मग चहा. दुसरा रस्ता ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकाचा. त्यात एकेक पॅकेज स्वतः उतरवायचं, क्रमाने कंपाइल करायचं, बसवायचं. समीक्षकाला दुसरा रस्ता जास्त सोयीचा, कारण तो क्रमच तुम्हाला पुस्तकाची अनुक्रमणिका दाखवतो.

सुरुवातीलाच येतं एक्सऑर्गप्रोटो. त्यात चालवण्यासारखं काहीच नसतं. नुसत्या हेडर फाइल्स. म्हणजे पुढे जे संभाषण होणार आहे, त्यातल्या शब्दांचा कोश. मग एक्सएयू आणि एक्सडीएमसीपी या दोन छोट्या लायब्ररी : दारावर आलेला माणूस ओळखीचा आहे की नाही ते बघणाऱ्या. मग एक्ससीबी. इथे गंमत अशी, की या लायब्ररीतला बराचसा सी कोड कोणी हाताने लिहिलेला नाही. प्रोटोकॉलचं वर्णन एक्सएमएल फाइल्समध्ये असतं आणि पायथनची एक स्क्रिप्ट ते वाचून तुमच्या डोळ्यांदेखत सी कोड लिहिते. मग इतर लायब्रऱ्या, मग मेसा, मग लहानसहान उपकरणं, फाँट, कीबोर्डचे नकाशे, आणि इतकं सगळं झाल्यावर खुद्द सर्व्हर. सर्व्हर म्हणजे इथे दूर कुठेतरी डेटा सेंटरमध्ये बसलेलं मशीन नव्हे. एक्समध्ये सर्व्हर तुमच्यासमोर असतो, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड त्याच्या ताब्यात असतात. ब्राउझर, टर्मिनल वगैरे त्याचे क्लायंट. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात.

पूर्वी हा प्रकार इतका सुटासुटा नव्हता. २००५ पर्यंत एक्स हा एकच अवाढव्य सोर्सवृक्ष होता आणि तो बांधायची आज्ञा होती ‘मेक वर्ल्ड’. जग बनव! नावात विनय नव्हता, पण प्रामाणिकपणा होता, कारण खरोखर सगळं जग एका दमात बांधावं लागे. एका फाँटमध्ये दुरुस्ती हवी असली तरी पुढची आवृत्ती यायची ती अख्ख्या जगाची. त्यासाठी ‘आयमेक’ नावाचं अवजार होतं. सी भाषेचा प्रीप्रोसेसर वापरून ते मेकफाइल्स तयार करायचं. प्रीप्रोसेसरची सवय ओळी जोडून टाकायची आणि मेकला तर ओळी तोडलेल्या हव्यात. म्हणून ओळीच्या शेवटी दोन ॲट आणि एक उलटी तिरकी रेघ अशी खूण टाकायची आणि नंतर ती पुसून तिथे ओळ तोडायची. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या फाइल्स वाचवत नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये एकाच कोडच्या दोन आवृत्त्या एकत्र निघाल्या : जुन्या पद्धतीची ६.९ आणि दोनशेच्यावर सुट्या पॅकेजांत मोडलेली ७.०. त्यानंतर जुनी पद्धत बंद झाली.

ही फोड नुसती तांत्रिक सोय नव्हती. तिच्यामागे भांडण आहे, आणि माझ्या मते एक्सच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. नव्वदीच्या दशकात सामान्य पीसीवर एक्स आणलं ते एक्सफ्री८६ या प्रकल्पाने. तो चालवणारं मंडळ हळूहळू बंदिस्त होत गेलं. मार्च २००३ मध्ये कीथ पॅकार्ड या जुन्याजाणत्या प्रोग्रॅमरला त्यांनी मुख्य गटातून काढलं. फेब्रुवारी २००४ मध्ये ४.४ ही आवृत्ती आली तीच बदललेला परवाना घेऊन. त्यात श्रेय देण्याबद्दलची अशी अट होती, की अनेक लिनक्स वितरणांना आणि ओपनबीएसडीला ती मान्य होईना. पुढे काय झालं? कोर्टकचेरी नाही, बहिष्काराची मोहीम नाही. लोकांनी परवाना बदलण्याच्या आधीचा कोड उचलला, एक्सऑर्ग या नव्या फाउंडेशनखाली आणला आणि एप्रिल २००४ मध्ये त्याची आवृत्ती काढली. दोन महिने! पाहता पाहता जवळजवळ सगळी वितरणं तिकडे गेली आणि एक्सफ्री८६ मागे उरलं.

सोर्सपासून बांधता येणं म्हणजे हौशी लोकांचा शनिवार-रविवारचा उद्योग, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. ज्यांना बांधता येतं त्यांना उठून जाता येतं. आता फोनकडे बघा. अँड्रॉइडचा सोर्सही खुला आहे, त्यात सर्फेसफ्लिंगरही आहे. पण तो बांधायला गूगलच्याच सूचनेप्रमाणे ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम लागते. आणि बांधून झाल्यावर तो आपल्या फोनवर चढवू द्यायचा की नाही, हे अनेकदा फोन बनवणारी कंपनी ठरवते.

इथवर कौतुक झालं. आता दिलेल्या शब्दाकडे वळू.

एक्सच्या फाँट पॅकेजांची यादी वाचा. कंपाइल करताना ती वाचावीच लागते. अडोबी, बिटस्ट्रीम, सोनी, सन यांची नावं दिसतात. जपानीसाठी जिस, कोरियनसाठी देवू. सिरिलिकची तीन-चार पॅकेजं. अरबीचं एक. इथिओपिकचं एक, सीरियाकचंही एक. देवनागरीच्या नावाचं पॅकेज त्यात नाही. पहिल्यांदा ही यादी वाचताना मला वाटलं, कोणी केलं नसेल. कोणीतरी करायला हवं होतं. पण पॅकेज करून भागलं नसतं. एक्सचा मूळ प्रोटोकॉल मजकूर लिहितो तो असा : क्लायंट सर्व्हरला सांगतो, या फाँटमधलं ७२ क्रमांकाचं चित्र काढ, मग १०१ क्रमांकाचं, मग पुढचं. प्रत्येक क्रमांकाला एक चित्र, प्रत्येक चित्राला ठरलेली रुंदी, एकापुढे एक. आता ‘किल्ला’ लिहून बघा. वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर, पण काढायची ‘क’च्या आधी. दोन ‘ल’ आणि हलन्त मिळून एकच जोडाक्षर. ज्या क्रमाने अक्षरं येतात त्या क्रमाने चित्रं येत नाहीत, आणि जितकी अक्षरं तितकी चित्रंही होत नाहीत. रोमन लिपीला चालणारा हिशोब यंत्रणेच्या पायातच भरला होता. कर्त्यांना ते धोरण वाटलं नाही, कारण त्यांच्या लिपीला ते कुठे टोचत नव्हतं.

हा माझा एक्सवरचा मुख्य आक्षेप. धोरण न देण्याचा दावा खोटा होता असं मी म्हणणार नाही, त्यात लबाडी नव्हती. पण आपण काय गृहीत धरतोय, हे ज्याला दिसत नाही त्याचं गृहीतकच यंत्रणा म्हणून पुढे चालू राहतं. मराठी, हिंदी वाचणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. लिनक्सच्या डेस्कटॉपवर देवनागरी धड दिसू लागली ती मजकुराचं काम सर्व्हरच्या हातातून काढून घेतल्यावर. २००० च्या सुमाराला कीथ पॅकार्डनेच (तोच, ज्याला पुढे बाहेर काढलं) रेंडर नावाची जोड आणि एक्सएफटी ही लायब्ररी आणली. त्यानंतर अक्षरांची चित्रं क्लायंट स्वतः तयार करून सर्व्हरला नुसती चिकटवायला देऊ लागला. कुठलं जोडाक्षर, वेलांटी कुठे, हे पँगो आणि पुढे हार्फबझ यांच्यासारख्या लायब्रऱ्या ठरवू लागल्या. म्हणजे मराठी एक्सवर आली ती एक्सला बाजूला सारून.

आणि तरीही त्याच बिल्डमध्ये, दोन पॅकेजं पुढे, याच्या उलट चित्र दिसतं. कीबोर्डच्या नकाशांचं पॅकेज आहे. त्यात ‘सिम्बॉल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये देशाच्या दोन अक्षरी नावाची एक साधी मजकुराची फाइल : ‘आयएन’. हिंदी, बांगला, तमिळ, तेलुगू सगळे शेजारीशेजारी नांदतायत. मधल्या रांगेतल्या आठव्या कळीवर यू-०९१५, शिफ्ट दाबून यू-०९१६. क आणि ख. इन्स्क्रिप्ट येणाऱ्याला बोटांनीच कळेल. मराठीची स्वतंत्र मांडणीही आहे, तिचं नाव ‘मराठी कगप’. कन्नड गणक परिषदेच्या नावातली ही आद्याक्षरं. मराठी कीबोर्डवर कन्नड संस्थेचं नाव, आणि सीमावादाचा कुठे मागमूस नाही! ही फाइल कोणीही उघडून वाचू शकतं. ‘ळ’ हाताशी नाही असं वाटलं तर ओळ बदला आणि पुन्हा बांधा. इथे शब्द पाळला गेला आहे, अक्षरशः. यंत्रणा त्यांची, धोरण आपलं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो समजून घ्यायला एक खेळणं पुरतं. एक्ससोबत ‘एक्सआइज’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बांधला जातो. एका खिडकीत दोन टपोरे डोळे. माउस जिकडे जाईल तिकडे बुबुळं वळतात. सगळ्यांना आवडतो. पण क्षणभर विचार करा, माउस दुसऱ्याच खिडकीवर असताना या डोळ्यांना तो दिसतो कसा? कारण एक्स कोणालाही सांगतं. नुसता माउसच नाही, एकदा आत आलेला क्लायंट दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो, अख्ख्या स्क्रीनचं चित्र घेऊ शकतो. बँकेचा पासवर्ड टाइप होत असताना शेजारचा गेम तो ऐकू शकतो. स्क्रीनला कुलूप लावणारा प्रोग्रॅमसुद्धा इतरांसारखाच एक क्लायंट. तो कोसळला की कुलूप गेलं. १९८४ च्या विद्यापीठात आत आलेला प्रत्येक जण आपलाच, हे ठीक होतं. पण ‘सगळे आपलेच’ हेही धोरणच की, आणि तसं भाबडंच.

बांधलेल्या वस्तूचं वयही इथेच दिसतं. फाँट वाचणाऱ्या लायब्ररीतला एक धोकादायक दोष २०१४ च्या जानेवारीत जाहीर झाला, तो कोडमध्ये शिरला होता १९९१ साली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी दोष जाहीर झाले, त्यातले काही थेट १९८७ चे. सोर्स खुला होता, जगभर हजारो लोकांनी तो बांधला होता, आणि तो दोष बावीस वर्षं तिथेच बसून होता. बांधणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेक बिल्ड म्हणून चहाला जाणारे आपण सगळेच वाचक नसतो. ओपनबीएसडीवाल्यांनी निदान सर्व्हरचे विशेषाधिकाराचे तुकडे वेगळे करून दोष निघालाच तर नुकसान कमी होईल असं पाहिलं. त्यांचा वृक्ष वेगळा असण्याचं ते एक सार्थक.

एक्सवर कडक टीका पूर्वीही झाली आहे. १९९४ च्या ‘युनिक्स हेटर्स हँडबुक’मध्ये डॉन हॉपकिन्सचं एक्सवरचं अख्खं प्रकरण आहे, आणि ते वाचताना हसू आवरत नाही. पण त्याचा भर एक्स किती बोजड, किती विसंगत यावर. दोन प्रोग्रॅममधून कॉपी-पेस्ट करायला दोन वेगवेगळे क्लिपबोर्ड, जुन्या पद्धतीच्या टर्मिनलची स्क्रोलपट्टी डाव्या बटणाने एकीकडे आणि उजव्याने दुसरीकडे, हे सगळं खरंच. धोरण नाही म्हणाल्यावर प्रोग्रॅमांनी एकमेकांशी कसं वागावं याचे संकेत एका जाडजूड दस्तऐवजात लिहायची पाळी आलीच. तरी मला ही विसंगती इतकी खटकत नाही. खटकते ती न दिसलेली गृहीतकं, कारण विसंगती वापरणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसते आणि गृहीतक वीस-वीस वर्षं दिसत नाही.

आता एक्स उतरणीला लागलं आहे. २००८ साली क्रिस्टियान ह्योग्सबर्ग या एक्सच्याच प्रोग्रॅमरने वेलँड सुरू केलं. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकला गेला. जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक्सवेलँड हा दुभाष्या तेवढा ठेवला. वेलँडमध्ये एक खिडकी दुसरीच्या कळा ऐकू शकत नाही. एक्सआइज तिथे चालवा : माउस वेलँडच्या खिडकीवर गेला की डोळे थिजतात. या एका बाबतीत वेलँडची बाजू बिनतोड आहे आणि एक्सच्या प्रेमिकांनी ती मान्य करावी.

पण किंमतही पाहा. एक्समध्ये खिडक्या हलवणारा, त्यांना चौकट लावणारा विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम असतो. टायनीडब्ल्यूएम नावाचा असा एक आहे, सी भाषेत सुमारे पन्नास ओळींचा. कॉलेजमधली मुलगी एका संध्याकाळी तो वाचून, बदलून, आपला म्हणून चालवू शकते. वेलँडमध्ये सर्व्हर, कंपोझिटर, विंडो मॅनेजर बहुधा एकच. टायनीडब्ल्यूएल हा तिथला मुद्दाम लहान ठेवलेला नमुना हजारेक ओळींचा आहे, तोही डब्ल्यूएलरूट्स या भल्यामोठ्या लायब्ररीच्या खांद्यावर बसून. धोरण पुन्हा यंत्रणेच्या घरात राहायला आलं आहे. ते सुरक्षित आहे, नीटनेटकं आहे, आणि फोनच्या दिशेने एक पाऊल पुढे आहे.

म्हणून मी म्हणेन, एक्स मोडीत निघायच्या आत एकदा बांधून बघा. जुना लॅपटॉप पुरेल. बांधून झाल्यावर पहिल्यांदा सर्व्हर नुसता सुरू कराल तर काळीभोर स्क्रीन दिसेल. पूर्वी तिथे करड्या ठिपक्यांचं विणकाम आणि मधोमध फुलीच्या आकाराचा कर्सर असायचा. आजही सर्व्हरला ‘रेट्रो’ असा पर्याय दिला की तो परत येतो. मग स्टार्टएक्स म्हणा. काहीही बदललं नसेल तर टीडब्ल्यूएम हा १९८७ चा विंडो मॅनेजर चालू होईल, एक इवलंसं घड्याळ आणि तीन टर्मिनल घेऊन. त्यातल्या एकात एक्सआइज टाइप करा. डोळे लगेच दिसणार नाहीत. कर्सरला एक रिकामी चौकट चिकटेल आणि माउसबरोबर फिरत राहील. खिडकी कुठे ठेवायची ते तुम्ही क्लिक करून सांगेपर्यंत ती उघडत नाही.